तुळशीखालचा तांब्याचा पत्रा

माझी उभी नोकरी आभाळाचं ऐकणाऱ्या मोठाल्या तबकड्यांच्या पायथ्याशी गेली. दूरच्या ताऱ्यांकडून येणाऱ्या रेडिओलहरी इतक्या क्षीण असतात, की शेजारच्या शिवारात पंपाच्या स्टार्टरनं एक ठिणगी टाकली तरी त्या बुडून जातात. ती ठिणगी हुडकायची आणि तिचा बंदोबस्त करायचा, हे माझं काम. साहेब लोक त्याला भारदस्त इंग्रजी नाव देत. मी शेवटपर्यंत खरखरच म्हणत राहिलो. एरियल घेऊन बांधाबांधानं हिंडायचं, कुणाची तार सैल आहे, कुणाच्या मोटारीचे ब्रश झिजलेत ते शोधायचं, आणि शेतकऱ्याशी भांडून, त्याचाच चहा पिऊन, पुन्हा भांडून ते दुरुस्त करून घ्यायचं. मला राग लवकर येतो, आणि या कामात तो उपयोगी पडला. नवी पोरं विचारायची, हे सगळं कुठं शिकलात? मी म्हणायचो, मानवतला, आमच्या पिठाच्या चक्कीत. ती हसायची. पुढचं मी कधी सांगितलं नाही, कारण पुढचं हसण्यासारखं नव्हतं.

मानवतला आमचं घर आणि आमची चक्की एकाच अंगणाला लागून होती. एका बाजूला राहत्या खोल्या, समोर पत्र्याची शेड, शेडमध्ये तेलावर चालणारं इंजन, आणि अंगणाच्या मधोमध वैनीची तुळस. घरात माणसं तीनच. वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, थोरली भावजय, म्हणजे वैनी, आणि मी. आई मी लहान असतानाच गेली होती. चौथा माझा थोरला भाऊ, आणि तो नव्हता.

तो रझाकारांच्या धामधुमीत सरहद्दीपलीकडं, वऱ्हाडातल्या, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या शिबिरात गेला होता. वैनी तेव्हा लग्न होऊन नुकतीच नांदायला आलेली. जाताना तो तिला काही बोलला नाही, मला एवढंच म्हणाला, ‘आबांना चक्कीवर हात देत जा.’ श्रावणात एकदा कुणाकडून तरी निरोप आला, की बरा आहे. भादव्यात पोलीस ॲक्शन झाली, निजामाची सत्ता गेली, शिबिरातली माणसं एकेक करून घरी आली. पाथरीची आली, बोरीची आली. आमचा आला नाही. कुणी सांगितलं, नदीच्या उताराला आमच्याबरोबर होता. कुणी सांगितलं, त्याला ताप होता, मागं थांबला. कुणाचंच सांगणं दुसऱ्याच्या सांगण्याशी जुळेना, आणि शेवटी विचारायला माणसंच उरली नाहीत.

मग आमच्या घरात एक विचित्र गोष्ट सुरू झाली. वैनी कुंकू लावायची, हिरव्या बांगड्या घालायची, रोज सकाळी न्हाऊन तुळशीला तांब्याभर पाणी घालायची. तिनं एक दिवस चुकवला नाही. पण गल्लीतल्या बायकांना प्रश्न पडायचा, की हिला सवाष्ण म्हणून बोलवावं की बोलवू नये. कुणी बोलवायचं, कुणी तिच्या दारावरून गुपचूप पुढं जायचं. जी बोलवायची तीही कुंकू लावताना तिच्याकडं न बघता लावायची. मला या बायकांचा संताप यायचा. वैनीला मात्र कधी राग आलेला मी पाहिला नाही. ती म्हणायची, ‘त्यांचं काय चुकतंय भाऊजी? मलाच ठाव न्हाई तर त्यांना कुठून ठाव असणार?’

आबांचं दुःख वेगळं होतं. त्यांनी मनातून पोरगा गेला असं धरलं होतं, आणि मेलेल्या माणसाला घरच्यांनी पाणी दिलं नाही तर तो तहानलेला फिरत राहतो, यावर त्यांचा पक्का विश्वास. उन्हाळ्यात चक्कीच्या उकाड्यात घामाघूम होऊन ते तांब्या तोंडाला लावायचे, आणि प्यायच्या आधी थांबायचे. थोडं पाणी जमिनीवर सांडायचे, मग प्यायचे. एकदा मी म्हणालो, ‘आबा, असं पाणी वाया कामून घालवता?’ त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी परत विचारलं नाही.

आमच्याकडं असा रिवाज होता, की गेलेल्या माणसाचा बारा वर्षं ठावठिकाणा लागला नाही तर त्याला मेला असं समजायचं. पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, नदीवर नेऊन त्याला अग्नी द्यायचा आणि रीतसर पाणी सोडायचं. मग बायकोचं कुंकू पुसायचं. साठ सालच्या भादव्यात ती बारा वर्षं भरणार होती. पाथरीहून आलेल्या पाहुण्यांनी त्याच्या आदल्या दिवाळीतच ती आठवण काढली. वैनी आतल्या खोलीत चकल्या तळत होती. तिनं सगळं ऐकलं, आणि फराळाचं ताट बाहेर आणून पाहुण्यांसमोर ठेवलं.

मी तेव्हा हैदराबादेत रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात दोन-तीन वर्षं काढून परत आलो होतो. येताना एक मोडका, बॅटरीवर चालणारा सेट दुकानदाराकडून मागून आणला होता आणि तो घरी बसून बोलता केला होता. मानवतला तेव्हा असे सेट मोजकेच. पाहुणे गेल्यावर वैनी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, ‘भाऊजी, ते दुपारच्या बातम्यांनंतर सापडलेल्या माणसांचं सांगतेत म्हणं. खरं हाय का?’

खरं होतं. हैदराबादच्या स्टेशनावरून मराठी बातम्या झाल्या की कुठल्या दवाखान्यात, कुठल्या धर्मशाळेत, वेड्यांच्या इस्पितळात जी माणसं सापडली आणि ज्यांना स्वतःचं गाव नीट सांगता येत नव्हतं, त्यांचं वर्णन वाचून दाखवत. अंगावरच्या खुणा सांगत, आणि माणसाला आपलं नाव आठवत असेल तर नावही सांगत. माझ्या भावाच्या डाव्या भुवईवर लहानपणी गोऱ्ह्याचं शिंग लागल्याची खूण होती. वैनी त्याचं नाव कधी घेत नसे. आमच्याकडं बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. ती म्हणाली, ‘मला घेता येत न्हाई. रेडिओला येईल की.’

हे आबांच्या कानावर गेलं. मला वाटलं आता आरडाओरडा होणार. ते वैनीला म्हणाले, ‘ऐक पोरी. भादव्यापस्तोर रोज ऐक. नाव निघालं, तर मी सगळ्या गल्लीला साखर वाटीन. न्हाई निघालं, तर मग मला माझ्या लेकाला पाणी देऊ दे. मी काय आता लय दिवसाचा न्हाई.’ वैनीनं मान हलवली. तिथून पुढं घरात त्या दुपारच्या पंधरावीस मिनिटांना जे वजन आलं, ते दुसऱ्या कशाला राहिलं नाही.

आणि पहिल्याच दुपारी काय झालं? हैदराबाद लांब, आवाज आधीच बारीक, आणि त्यात चक्की. दुपारची वेळ म्हणजे शेतातून आलेल्या बायका दळणाचे डबे घेऊन रांगेत बसायच्या. त्या वेळी चक्की बंद ठेवणं शक्य नव्हतं. इंजनाची पुकपुक कानाला सवयीची होती, रेडिओ आतल्या खोलीत होता, तिचा त्रास नव्हता. त्रास रेडिओच्या आतल्या खरखरीचा होता. गरम तेलात मोहरी टाकल्यासारखी ती तडतडत राहायची. बातम्या देणाऱ्याचा एक शब्द यायचा, तीन बुडायचे. वैनी सेटला कान लावून बसलेली. आणि त्या तडतडीतून अचानक स्वच्छ ऐकू आलं: ‘डाव्या भुवईवर’. पुढचं सगळं खरखरीत गेलं.

वैनीनं माझा हात धरला. त्याआधी तिनं कधी माझा हात धरला नव्हता. ‘ऐकलं का तुमी? ऐकलं ना?’

मी ऐकलं होतं. पण डाव्या भुवईवर काय, व्रण की तीळ की गोंदण, आणि माणूस म्हातारा की पोर, कुठं सापडला, यातलं काही कळलं नाही. मी स्टेशनाला पत्र टाकलं. उत्तर आलं नाही. वैनीला उत्तराची गरजही नव्हती. ती दिवाळी तिची सर्वांत चांगली दिवाळी होती. ती पुन्हा माझी थट्टा करू लागली, हैदराबादेत कुणी मुलगी बघून ठेवली का म्हणून विचारू लागली. रोज दुपारी ती सेटजवळ बसायची, खरखरीतून काहीतरी तुकडा वेचायची आणि मला सांगायची: आज ‘उंच’ म्हणाले, आज ‘परभणी’ म्हणाले, आज मराठवाड्याचा असावा म्हणाले.

मला ते बघवेना. हातात कला असून समोर खरखर चालू राहते, याची मला चीड येत होती. मी ठरवलं, की ही खरखर मुळातून काढायची.

इंजन तेलाचं, त्यात ठिणगीचा प्लग नसतोच. मग येते कुठून? पावसाळी ढग आले की ती कमी व्हायची, कोरडा वारा सुटला की वाढायची, हे माझ्या लक्षात आलं. एक दिवस दुपारच्या जेवणासाठी आबा आत गेले तेव्हा मी इंजन चालू केलं आणि इंजनावरून चक्कीला जाणाऱ्या चामड्याच्या लांब पट्ट्याजवळ हात नेला. हातावरचे केस उभे राहिले, आणि बोटाला चट्कन चटका बसला. पट्टा लोखंडी चाकावरून फिरता फिरता वीज साठवत होता आणि सारखी ठिणग्यांत सोडत होता. मला एवढा आनंद झाला की मी तसाच हसत उभा राहिलो. तेवढ्यात आबा उष्ट्या हातानं धावत आले आणि त्यांनी इंजन बंद केलं.

‘खाली चक्की चालवतो व्हय रे? अक्कल गहाण टाकलीस का?’

चक्कीत दाणे नसताना ती चालवायची नाही, हा आबांचा कडक नियम होता. दाणे नसले की दगडावर दगड घासतो, मोठ्यानं करकरतो, दगडांच्या खाचा झिजतात, मग छिन्नी घेऊन पुन्हा टाकी लावत बसावं लागतं. हे दगड आबांनी स्वतः निवडून आणलेले. त्यांच्यावर त्यांचा आमच्याइतकाच जीव होता. मी गुपचूप ऐकून घेतलं, कारण मला हवं ते सापडलं होतं.

इलाज सोपा होता. पितळी तारांचा एक ब्रश करून पट्ट्याजवळ टांगायचा, म्हणजे पट्ट्यावरची वीज तो ओढून घेईल, आणि त्याची तार जमिनीत पुरायची. रेडिओच्या अर्थिंगची, म्हणजे त्याला जमिनीशी जोडणारी, तारही तिथंच पुरायची. अडचण जमिनीची होती. आमच्याकडची काळी माती ओली असली की चांगली, पण वाळली की भेगाळते आणि पुरलेल्या पत्र्याला सोडून देते. पत्रा मातीला चिकटून राहायला जागा बारमाही ओली पाहिजे. विहीर लांब होती. सबंध अंगणात बारमाही ओली जागा एकच होती.

‘तुळशीखाली तार?’ आबा म्हणाले. ‘देवाला काय ते इजंचं लावतो?’

वैनी म्हणाली, ‘लावू द्या आबा. तिच्याच पाण्यानं ऐकू येणार असंल तर बरंच हाय की. भाऊजी, मुळाला फकस्त धक्का लावू नका.’

घरात एक फुटकं तांब्याचं घंगाळ होतं. मी ते ठोकून सपाट केलं, तुळशीच्या ओट्याच्या बगलेनं खोल खणलं आणि तो पत्रा मुळाच्या खाली सरकवला. वरून माती दाबली. वैनीनं लगेच तांब्याभर पाणी आणून ओतलं. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं. जगात काहीही बदललं तरी वैनी तुळशीला पाणी घालायचं चुकवणार नाही, म्हणजे माझ्या अर्थिंगची जागा कधी वाळणार नाही, असा माझा हिशोब होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सेट लावला. बाहेर चक्की भरात चाललेली, बायका मोठमोठ्यानं बोलत होत्या, आणि रेडिओतला माणूस शेजारच्या खोलीत बसल्यासारखा बोलत होता. एक शब्द बुडाला नाही. वैनीनं टाळ्या वाजवायच्याच बाकी होत्या. तिनं मला गूळ आणि शेंगदाणे आणून दिले.

मग सापडलेल्या माणसांचं वर्णन सुरू झालं. जत्रेत चुकलेली एक म्हातारी. बीदरकडचा, हातावर गोंदण असलेला एक माणूस. बोलता न येणारी एक बाई. प्रत्येकाचं सगळं वर्णन नीट, सावकाश, दोनदा सांगितलं गेलं. आणि मग गाणी लागली.

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशीही. ‘उंच’ म्हणाले की पुढं ऐकू यायचं, ‘उंच, वय सुमारे साठ’. ‘परभणी’ म्हणाले की ऐकू यायचं, परभणीच्या स्टेशनावर सापडलेली लहान मुलगी. एकदा, मला तो दिवस आठवतो, ‘डाव्या भुवईवर’ पुन्हा आलं. वैनी जागची उठली. निवेदक पुढं म्हणाला, ‘मोठा तीळ, वर्ण गोरा, भाषा तेलुगू.’ बहुधा दिवाळीतही तोच माणूस असावा. त्याला अजून कुणी न्यायला आलं नव्हतं. वैनी बसली आणि पदराच्या टोकाशी खेळत राहिली. त्या दिवशी तिनं भाकरी केली नाही. आबांनी आणि मी दही-पोहे खाल्ले.

तबकड्यांच्या नोकरीत मी पुढं ऐकलं, की तिथले शास्त्रज्ञ खरखर पूर्ण काढून आभाळाचा एखादा कोपरा ऐकतात आणि तिथं काहीच नाही असं निघालं, तरी खूश होतात. काही नाही हेही कळलं, असं म्हणतात. मी मान हलवायचो. पण मला ते आतून कधी पटलं नाही. काही नाही हे स्वच्छ ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा मी पाहिलेला होता.

वैनी वाळत गेली. थट्टा बंद झाली. ती सेटजवळ बसायची, पण कान लावायची नाही. लांब, भिंतीला टेकून बसायची, शिक्षा झाल्यासारखी. आबाही आता त्या वेळी शेडमधून येऊन उंबऱ्यात उभे राहायचे, हातात पिठानं भरलेलं फडकं. वर्णन संपलं की ते परत शेडमध्ये जायचे. नाव निघू नये असं त्यांना वाटत असेल, असं कुणी म्हणेल. तसं नव्हतं. मी त्यांना एकदा दाराच्या चौकटीवर डोकं टेकवून ऐकताना पाहिलं आहे.

वैशाखात खरखर परत आली. आधी थोडी, मग आठवड्याभरात पहिल्यासारखी. मला राग आला. मी पट्ट्याजवळचा ब्रश साफ केला, तारा घासल्या, बांबूवरचं एरियल खाली उतरवून तपासलं, त्यावर बसणाऱ्या कावळ्यांना शिव्या दिल्या. बॅटरी बदलली. काही उपयोग नाही. शेवटी तार धरत धरत मी तुळशीपाशी आलो आणि खाली बसलो.

ओट्यातली माती पांढरी पडली होती. बोट जाईल एवढ्या भेगा. तुळशीच्या काड्या झाल्या होत्या, खाली वाळक्या पानांचा सडा.

मी ओरडलोच. ‘वैनी! हे काय? तुळशीला पाणी कोण घालायलंय?’

ती दारात आली. तोंडावर ना भीती, ना लाज. ‘कुणीच न्हाई.’

‘रोज तर तांब्या घेऊन बाहेर येता!’

तिनं मला घरामागं नेलं. न्हाणीच्या भिंतीआड, कुणाला दिसणार नाही अशा जागी, घासलेटच्या जुन्या डब्यात तुळशीचं एक रोप लावलेलं होतं. हिरवंगार, मंजिरीला आलेलं. तांब्या तिथं रिकामा होत होता.

‘मारली न्हाई मी तिला,’ ती म्हणाली. ‘आधी हिकडं आणली, मगच पाणी तोडलं.’

‘पण कामून?’

तिनं वाकून डब्यातल्या रोपाचं एक पिवळं पान खुडलं. ‘त्या खरखरीत ते हुते, भाऊजी. रोज काय ना काय ऐकू यायचं. तुमी साफ केलं अन् ते गेले.’

मला तिच्यावर चिडायचं होतं आणि चिडता येईना. मी चूक केली, असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. खरखर काढणं वाईट नसतं. पण माझ्या भावाला आमच्या घरात जेवढी जागा उरली होती, ती मी पितळी ब्रश लावून झाडून काढली होती, हेही खरं. तिला दुखवायचं माझ्या स्वप्नातही नव्हतं आणि सगळ्यांत जास्त मीच दुखवलं होतं. मला तिथं न्हाणीमागं रडू आलं. वैनीनंच मला समजावलं, ‘जाऊ द्या. तुमी चांगल्यासाठीच केलं.’

ओट्यावरची तुळस वाळली हे आबांच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. दारची तुळस वाळणं म्हणजे घरावर काहीतरी येणार, असं मानणारा तो माणूस. एका सकाळी ते ओट्याजवळ थांबले, भेगेत बोट घातलं, मग माझ्या तारेकडं बघितलं, तारेवरून शेडकडं, शेडवरून आतल्या सेटकडं. मी म्हटलं आता फुटणार. ते मला म्हणाले, ‘तुला ठाव हाय?’ मी म्हणालो, हाय. ते बोट धोतराला पुसून कामाला लागले. वैनीला त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही.

मग पाऊस आला. पाऊस कुणाचं ऐकत नाही. ओटा चिंब झाला, भेगा मिटल्या, पत्र्याला माती धरली, पट्ट्यावर वीज साठेनाशी झाली. आषाढात, श्रावणात रेडिओ पुन्हा स्वच्छ बोलू लागला, आणि त्यावर वैनीकडं इलाज नव्हता. वाळलेल्या काड्यांना खालून कोंब फुटला, त्याचाही तिला आनंद झाला नाही. रोज दुपारी आम्ही तिघं बसायचो, रोज कुणीतरी दुसरंच सापडायचं.

भादव्यात भटजींनी दिवस काढून दिला. आबांनी पळसाची पानं आणवली. त्यांची जुडी ओल्या फडक्यात गुंडाळून पडवीत ठेवलेली होती. वैनी त्या बाजूनं जाताना अंग चोरून जायची. विधीच्या आदल्या दिवशी आबांनी चक्की बंद ठेवली आणि दळणाला आलेल्या बायकांना परत पाठवलं. मला वाटलं, दुःखाचा दिवस म्हणून. पण मला ते म्हणाले, ‘आज शेवटचं हाय. तिला नीट ऐकू दे. माझ्या चक्कीनं आवाज केला असं नको व्हायला.’

दुपार झाली. भादव्याचं ऊन लख्ख पडलं होतं, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मी सेट लावला. इतका स्वच्छ आवाज मी त्या सेटमधून कधी ऐकला नव्हता. बातम्या देणारा पान उलटायचा तेही कळत होतं. वैनी भिंतीला टेकलेली. आबा उंबऱ्यात. बातम्या संपल्या. निवेदक म्हणाला, आता सापडलेल्या व्यक्तींची माहिती.

वैनीनं कानांवर हात ठेवले नाहीत, ती रडली नाही. तिनं फक्त डोळे मिटले आणि कपाळावरच्या कुंकवावर तळवा आडवा धरला, कुणी पुसायला आल्यासारखा. ते मी पाहिलं. आबांनीही पाहिलं.

आबा वळले आणि अंगण ओलांडून शेडमध्ये गेले. मला काही कळेना. मग इंजनाचं हँडल फिरवल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा. या वयात त्यांना ते झेपत नव्हतं. तिसऱ्यांदा इंजन धरलं. पट्टा चाकावर चढला. आणि रिकाम्या चक्कीत दगडावर दगड घासत असा काही करकरला, की शेडचा पत्रा थरथरला आणि रेडिओतला माणूस त्या आवाजाखाली जागच्या जागी नाहीसा झाला.

मी धावत गेलो. ‘आबा! दगड खाली हायत! झिजतेत!’

‘ठाव हाय मला,’ आबा म्हणाले. ते चक्कीच्या वरच्या रिकाम्या डब्यावर हात टेकून उभे होते. त्यांनी मला बाजूला केलं नाही, मीच बाजूला झालो. ते दरवाज्याकडं तोंड करून, सगळं बळ लावून ओरडले, ‘पोरी, काय ऐकू येतंय का?’

वैनी दारात येऊन उभी राहिली होती. तिनं मान हलवली. ‘न्हाई आबा. काय बी न्हाई.’

‘मग नाव निघालं न्हाई असं कसं म्हणावं?’

ती ओट्यापाशी खाली बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. रडताना मात्र आवाज ऐकू येत नव्हता, चक्कीचाच येत होता. आबांनी बऱ्याच उशिरानं इंजन बंद केलं, तोवर सेटवर गाणी लागून संपली होती.

दुसऱ्या दिवशी भटजी आले. आबांनी त्यांना दारातच सांगितलं, ‘यंदा न्हाई. पुढल्या भादव्यात बघू.’ पळसाची पानं त्यांनी शेळ्या घेऊन चाललेल्या एका म्हातारीला देऊन टाकली. वैनीनं मागचा डबा उचलून अंगणात आणला आणि तिथली तुळस ओट्यात, नव्या कोंबाच्या शेजारी लावली.

मी चक्कीचा वरचा दगड उतरवला. खाचा पार गुळगुळीत झाल्या होत्या. छिन्नी-हातोडा घेऊन मी टाकी लावायला बसलो, आणि आबा तांब्या घेऊन माझ्याजवळ येऊन बसले. ऊन चढत होतं. त्यांनी तांब्या उचलला, नेहमीसारखे थांबले, आणि थोडं पाणी जमिनीवर सांडलं. ते पाणी काळ्या मातीत मुरेपर्यंत ते बघत राहिले. मग खाली मान घालून, मला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाले, ‘अजून जराशी तहान काढ रे लेका.’